पिकलिंगचं इन्हिबिटर: काम चोख, डब्यावरचा दावा फसवा

पिकलिंग म्हणजे लोखंडी नळ्यांवरची गंजाची पपडी अ‍ॅसिडने काढणं. ते करताना हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडच्या टाकीत मी हे इमिडॅझोलीनवालं (नायट्रोजन असलेलं सेंद्रिय संयुग) इन्हिबिटर, म्हणजे लोखंडाला अ‍ॅसिडपासून वाचवणारं रसायन, घालतो. पपडी निघते, नळी खाल्ली जात नाही. लोखंड विरघळताना उठणारे हायड्रोजनचे बुडबुडे घटतात, त्यामुळे नाकाला झोंबणारी वाफही.

मला आवडते ती याची पकड. अ‍ॅसिडात लोखंडाचा पृष्ठभाग धनभारित असतो. आधी त्याला ऋणभारित क्लोराइड चिकटतात, मग त्यांच्याकडे प्रोटॉन घेऊन धनभारित झालेले इमिडॅझोलीनचे रेणू ओढले जातात. पुढे नायट्रोजनची मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी लोखंडाला मिळाली, की बंध पक्का. लांब तेलकट शेपटी पाण्याला दूर ठेवते. सल्फ्युरिकमध्ये क्लोराइडच नाहीत, म्हणून मी चिमूटभर पोटॅशियम आयोडाइड घालतो; क्लोराइडचं काम आयोडाइड करतं. फरक लगेच दिसतो.

डब्यावरचं ‘कुठल्याही तापमानाला चालतं’ हे मात्र पटलं नाही. टाकी 60 अंशांवर गेली की बुडबुडे पुन्हा सुरू. पक्का बंध न जुळता नुसत्या विद्युतभारावर टेकलेले रेणू उष्णतेने सुटणारच, हे कंपनीला ठाऊक नसेल? मात्रा दुप्पट करूनही उपयोग नाही; पृष्ठभाग भरला की उरलेलं फक्त फेस करतं.

रंग द्यायचा असेल तर नळ्या नीट धुवा. इन्हिबिटरचा थर राहिला तर रंग धरत नाही.

पाचपैकी साडेतीन.