किंग क्रिमसनचं 'द नाइट वॉच', बरेच महिने ऐकल्यावर

किंग क्रिमसन या इंग्लिश रॉक बँडच्या लाइव्ह कार्यक्रमाचा हा डबल सीडीचा सेट पावसाळ्यात घेतला. तेव्हाच लिहायला बसलो असतो तर पाचात तीन दिले असते, कारण सरळ आहे, यातला बराच माल 'स्टारलेस अँड बायबल ब्लॅक'वर आधीच ऐकलेला, मग परत पैसे कशाला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १९७४ च्या त्या अल्बममध्ये पूर्ण स्टुडिओत केलेली गाणी दोनच, बाकी बहुतेक सगळं स्टेजवरचं, टाळ्या कापून टाकलेलं. त्यातले फ्रॅक्चर, ट्रायो आणि टायटल ट्रॅक २३ नोव्हेंबर १९७३ ला अ‍ॅमस्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाऊमध्ये वाजले, आणि हा सेट म्हणजे त्याच रात्रीचा कार्यक्रम. बूटलेगवाल्यांनी, म्हणजे चोरून रेकॉर्डिंग विकणाऱ्यांनी, आधी भरपूर खपवला, मग १९९७ ला बँडने स्वतः काढला.

आता उन्हाळा आलाय आणि 'स्टारलेस', म्हणजे तो स्टुडिओ अल्बम म्हणून निघालेला, कपाटातच आहे, लावतो ते हेच.

मुख्य कारण ट्रायो. व्हायोलिन, बेस आणि मेलोट्रॉनचा (टेपवरचे आवाज वाजवणारा कीबोर्ड) तो बासरीसारखा आवाज, बस. आधीपासून बसवलेलं काही नाही, जागेवर सुचलेलं. ड्रमर बिल ब्रुफर्ड पूर्ण वेळ काठ्या छातीशी धरून गप्प बसला आणि तरी रचनेत त्याचं नाव आहे, कारण न वाजवायचा निर्णयही त्याचाच. आपल्याकडे आलापी चालू असताना तबलजी हात आवरून बसला तर कुणाला काही वाटत नाही, पण रॉकच्या ड्रमरने, तेही ब्रुफर्डसारख्या, एवढा वेळ थांबायचं म्हणजे काय ते ट्रायोच्या आधीचा आणि नंतरचा दंगा ऐकल्याशिवाय कळत नाही. सुट्या ट्रॅकमध्ये ते छान शांत संगीत वाटतं, इथे मात्र आत्ता ड्रम्स येणार, आत्ता येणार असं वाटत राहतं आणि येतच नाहीत.

तक्रारीही आहेत. जॉन वेटनचा बेस म्हणजे नुसता रणगाडा आहे राव, काही जागी व्हायोलिन त्याच्याखाली चिरडतंय. व्हायोलिनवाला डेव्हिड क्रॉस पुढच्याच वर्षी बँडमधून का गेला याचा अंदाज हे ऐकूनच येतो. पण निदान जे व्हायोलिन आहे ते त्याचं स्वतःचं आहे, 'यूएसए' या लाइव्ह अल्बमवर काही ठिकाणी एडी जॉब्सनने नंतर स्टुडिओत वाजवलेलं चढवलंय. दुसरं म्हणजे हॉल. १८८८ ला उघडलेला, ऑर्केस्ट्रासाठी नावाजलेला, त्यात एवढ्या मोठ्या आवाजात रॉक बँड, त्यामुळे ईझी मनीमध्ये मला तरी सगळं जरा गढूळ ऐकू येतं, पण एक्झाइल्समध्ये तोच हॉल धावून येतो, व्हायोलिनचा सूर जो लांबतो ना, तो स्टुडिओत नाही मिळत.

फ्रॅक्चरबद्दल काय लिहू. अकरा मिनिटं, आणि मधला तो फ्रिपचा न थांबणारा एकसारख्या वेगाचा गिटारचा भाग, श्वास घ्यायला जागा नाही. स्टुडिओ अल्बमवर तो शेवटी येतो म्हणून आपण बाकी सगळं ऐकून थकलेले असतो, इथे पहिल्या सीडीवर चौथाच आहे, ताज्या कानांनी ऐकला की वेगळाच वाटतो. आणि लगेच पुढे द नाइट वॉच. ते गाणं रेम्ब्रांटच्या १६४२ च्या चित्रावर आहे, ते चित्र राइक्सम्युझियममध्ये, आणि ते म्युझियम या हॉलसमोरच्याच मैदानाच्या पलीकडच्या टोकाला! म्हणजे चित्रापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर उभं राहून त्याच्यावरचं गाणं म्हणतायत. स्टुडिओ अल्बमवर या गाण्याची फक्त सुरुवात या रात्रीची आहे, बाकी स्टुडिओत केलंय, इथे जे आहे ते जास्त ओबडधोबड पण मला हेच आवडायला लागलंय.

घेणाऱ्यांना एक सांगतो, दुसरी सीडी लोकलमध्ये ऐकू नका. द टॉकिंग ड्रम जवळपास शून्यातून सुरू होतो, गाडीच्या खडखडाटात ऐकू येत नाही म्हणून तुम्ही व्हॉल्यूम वाढवता, मग तो हळूहळू चढत जातो आणि पाठोपाठ लार्क्स टंग्ज भाग दोन कानावर असा आदळतो की बाजूचा माणूस बघायला लागतो. घरी, बऱ्या हेडफोनवर, आणि त्याआधीच्या फ्राइट वॉच या ट्रॅकपासून सलग ऐका, मध्ये थांबवलंत तर मजा गेली. शेवटचा स्कित्सॉइड मॅन मी बऱ्याचदा स्किप करतो, १९६९ च्या मूळ रेकॉर्डिंगमधला सॅक्सोफोन नाही म्हणून नव्हे, लार्क्स टंग्जनंतर अंगात ताकदच उरत नाही. फ्रिप, वेटन, क्रॉस, ब्रुफर्ड या चौघांचे असे अजून कार्यक्रम हवे असतील तर १९९२ चा 'द ग्रेट डिसीव्हर' हा चार सीडींचा बॉक्स आहे, पण सुरुवात याने करा, ट्रायोपासून.