शेगावच्या संस्थानातील सेवा: एका मुक्कामाचा अनुभव

बुलढाणा जिल्ह्यातील शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानात आईला घेऊन नुकताच एक मुक्काम केला. खोली स्वच्छ होती, दर माफक होता आणि परिसरात कागदाचा कपटासुद्धा पडलेला दिसला नाही. पण हे शेगावला जाऊन आलेला कोणीही सांगेल. मला लिहायचे आहे ते तिथल्या सेवेकऱ्यांच्या वागण्याविषयी.

आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे प्रवासात तिला सर्वांत मोठी धास्ती असते ती मागच्या माणसाच्या घाईची. रेल्वे स्थानकावरून मंदिराकडे जाणाऱ्या संस्थानाच्या विनामूल्य बसमध्ये चढताना ती पायरीवर थबकली, तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या सेवेकऱ्याने, "माऊली, सावकाश या, तुम्हाला घेतल्याशिवाय गाडी हलत नाही," असे म्हणत तिच्या हातातली पिशवी घेतली. मागे दहा-बाराजण खोळंबले होते. त्यांच्यापैकी कोणीही कुरकुरले नाही, उलट एका तरुणाने आमची दुसरी पिशवी आपणहून वर चढवली. मदत एकाने सुरू केली की पाहणाऱ्यालाही ती सुचते, हे पुढे दोन दिवस मी वारंवार पाहिले.

'माऊली' हे संबोधन इथे सर्वांनाच मिळते, मग तो मोटारीतून उतरलेला असो वा पायी आलेला शेतमजूर. वारकऱ्यांच्या तोंडचा हा शब्द रांग लावणारा, चपला ठेवून घेणारा, फरशी पुसणारा असा प्रत्येक सेवेकरी वापरतो, आणि तो सवयीने उच्चारलेला असला तरी ऐकणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. रांग मोडून पुढे घुसू पाहणाऱ्या एका गृहस्थांना सेवेकऱ्याने हात जोडून "माऊली, इकडून या" एवढेच सांगितले आणि ते निमूटपणे मागे गेले. दरडावून हे झाले असते का, याविषयी मला शंका आहे.

हे सेवेकरी बहुतांशी आसपासच्या खेड्यांतून, आपली शेतीवाडी आणि कामधंदा सांभाळून, पाळीपाळीने काही दिवस सेवेसाठी येतात आणि त्याचा मोबदला घेत नाहीत. संस्थानाचे दीर्घकाळ व्यवस्थापन पाहिलेल्या शिवशंकरभाऊ पाटील यांचे 2021 मध्ये निधन झाले. त्यांच्या काळात रुळलेली ही शिस्त आजही टिकून आहे, याचे मला विशेष कौतुक वाटते.

महाप्रसादाच्या पंगतीत पोळी, भाजी, वरण-भात आणि गोड पदार्थ होता. चव घरच्यासारखी साधी होती. आमच्या शेजारी एकटेच आलेले एक वृद्ध बसले होते. वाढणाऱ्याने त्यांना पोळी हाताने तोडता येत नसल्याचे पाहिले, काही न बोलता खाली बसून तिचे तुकडे केले, त्यावर वरण घातले आणि तो पुढच्या ताटाकडे गेला. यात अर्धा मिनिटही गेला नसेल. त्या आजोबांनी मात्र जेवण संपेपर्यंत तीनदा मान वर करून त्याला शोधले.

या ठिकाणी ही गोष्ट घडावी याला जुना संदर्भही आहे. 23 फेब्रुवारी 1878 रोजी महाराज शेगावकरांना प्रथम दिसले ते उष्ट्या पत्रावळींवरची शिते वेचताना, आणि त्या अनोळखी माणसाला हुसकावून न लावता गावातल्या दोघांनी त्याची विचारपूस करून ताट वाढून आणले, अशी कथा सांगितली जाते. पंगतीत बसल्यावर ती मला प्रथमच नीट कळली.

जाणाऱ्यांसाठी दोन सूचना. प्रकटदिन आणि ऋषिपंचमीच्या सुमारास गर्दी अफाट असते. वृद्ध सोबत असतील तर ते दिवस टाळावेत. आणि सेवेकऱ्याच्या हातावर पैसे ठेवू नयेत. आईने आग्रह केला, तेव्हा त्या मुलाने दोन पावले मागे सरकून नमस्कार केला आणि देणगीची खिडकी दाखवली. पावती मात्र तिथे लगेच मिळते.