फॉस्फो-ईआरके १/२ मोनोक्लोनल अँटिबॉडी: महाग, पण वेस्टर्न ब्लॉटसाठी घ्यावी अशी

मेक हे काइनेज (प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारं एन्झाइम) ईआरके या पेशीत वाढीचा संदेश पुढे नेणाऱ्या प्रथिनावर थ्रिओनिन २०२ आणि टायरोसिन २०४ अशा दोन्ही जागी फॉस्फेट चढवतं, तेव्हाच ईआरके पूर्ण सक्रिय होतं. ही अँटिबॉडी नेमकं तेच रूप वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची पद्धत) पकडते. हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशी) रात्रभर सीरमविना ठेवून १०० नॅनोग्रॅम प्रति मिली ईजीएफ (हा मार्ग चालू करणारा वाढ-घटक) ५ मिनिटं दिलं, की ४४ आणि ४२ किलोडाल्टनला (ईआरके१ आणि ईआरके२) दोन स्वच्छ बँड येतात. १:२००० डायल्युशन पुरतं.

बँड फिका आला तर आधी लायसिस बफर (पेशी फोडायचं द्रावण) तपासा. पेशी फुटल्या की फॉस्फेटेज एन्झाइम भराभर फॉस्फेट उतरवतात, म्हणून त्यांना अडवायला १ मिलिमोलर सोडियम ऑर्थोव्हॅनडेट आणि १० मिलिमोलर सोडियम फ्लोराइड हवंच, तेही बर्फावर. ऑर्थोव्हॅनडेट पीएच १० ला आणून पिवळा रंग जाईपर्यंत उकळलेलं असावं. पिवळं तसंच वापरलं तर फॉस्फेटेज नीट अडत नाहीत. ब्लॉकिंगला (ब्लॉटच्या मोकळ्या जागा झाकायला) ५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घ्या, दूध नको: त्यातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे, बॅकग्राउंड वाढतो.

शेजारच्या लेनमध्ये यू०१२६ (मेक अडवणारं रसायन) दिलेला नमुना आणि सोबत एकूण ईआरकेचा ब्लॉट ठेवाच. बीआरएएफ व्ही६००ई (मेकच्या आधीच्या काइनेजमधलं, त्याला कायम सक्रिय ठेवणारं म्युटेशन) असलेल्या मेलानोमा (त्वचेच्या कर्करोगाच्या) पेशींत ईजीएफ न देताही बँड ठळक येतो; तिथे मार्ग कायम चालूच असतो, अँटिबॉडीचा दोष नाही.