एक लाख पंधराला घेतलेली २०७ डीआय, रस्त्यावर यायला चार लाख एक्केचाळीस

द्राक्षाच्या सीझनला भाड्याच्या पिकअपवाल्याला फोन करकरून वैताग आला होता. माल तोडून, कॅरेट भरून शेडात बसायचं आणि हा म्हणणार दादा अर्ध्या तासात आलो, आणि येणार रात्री दहाला, म्हणून गेल्या वर्षी ठरवलं की बास, आपलीच एक घ्यायची. नवीन पिकअप तेव्हा नऊ-दहा लाखाच्या खाली दारात येत नव्हती आणि बागेवर आधीच सोसायटीचं कर्ज, त्यामुळं जुनी. त्यात मला टाटा २०७ डीआयच पाहिजे होती, कारण आमच्या आप्पांनी टेल्कोची टाटामोबाईल चालवलीय, ती १९८८ ला आलेली, आणि २०७ म्हणजे तिचंच धाकटं भावंड. २९५६ सीसीचं चार सिलेंडर इंजिन, पंप मेकॅनिकल, ना सेन्सर ना ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), कुठल्याही गावातला मिस्त्री पान्ह्याची पेटी घेऊन बसला की उघडतो.

गाडी सापडली रत्नागिरीत. २००५ चं मॉडेल, मालक मासे वाहायचा. आणि इथंच मी माती खाल्ली.

आमच्या तासगाव-मिरज भागात तसल्याच गाडीला दीड-पावणेदोन लाख सांगत होते, हा एक चाळीस म्हणाला आणि एक पंधराला तुटला. मी काय बघितलं, तर इंजिन. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढून तळहात धरला तर धूर फकफक वर येत होता, म्हणजे बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिन काम निघणार. साठ-सत्तर हजार मनात धरले, तेच बोलून भाव पाडला आणि स्वतःवर लय खूश झालो. पत्र्याकडं बघितलं ते एवढंच की रंग चकाचक आहे. असणारच की, महिन्याभरापूर्वी मारलेला. बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं हौद्यातनं खाली चॅसीवर ठिबकत आलंय, वरनं समुद्राची हवा, हे डोक्यात यायला पाहिजे होतं, पण भाव पाडल्याच्या आनंदात माणसाला वासच येत नाही. आणि वास तर येत होता ओ, केबिनमध्येसुद्धा!

येताना साखरप्याच्या पुढं आंबा घाटात टेंपरेचरचा काटा लाल. थांबून, थंड करून, झऱ्याचं पाणी कॅनने भरून परत वर, असं तीनदा. तिसऱ्यांदा एका ट्रकवाल्याने काच खाली करून विचारलं, 'नवीन घेतली काय?' टोमणा होता की चौकशी ते अजून कळलेलं नाही.

इंजिनाचं काम कोल्हापूरला केलं, उद्यमनगरात. ह्याला पाचपैकी पाच. लेथवाले, क्रँकवाले, हेडवाले सगळे चालत जायच्या अंतरावर, एका ठिकाणी पार्ट टाकला की तो चहा पिऊन होईस्तोवर पुढच्याकडं. ब्लॉकला नवीन स्लीव्ह, पिस्टन-रिंगा, क्रँक ग्राइंडिंग, बेअरिंग, हेड फेसिंग, व्हॉल्व, ऑइल पंप, गॅस्केट सेट, मजुरी धरून ६२,०००. डिझेल पंप आणि चारी नोझल वेगळ्या माणसाकडं, १४,५००. क्लच ७,८००, रेडिएटर ५,५००. जेवढं सांगितलं तेवढंच घेतलं, जुने पार्ट पोत्यात भरून हातात दिले, नऊ दिवसांत इंजिन तयार. पण इंजिन परत बसवताना मिस्त्री खाली झोपून बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, 'मालक, इंजिनचं टेन्शन घेऊ नगासा. जरा खाली या, हे बघा.'

खाली गेलो. त्याने स्क्रूड्रायव्हर घेतला, मागच्या पाट्याचा (स्प्रिंगचा) हँगर जिथं चॅसीला येतो तिथं नुसता टेकवून दाबला, आणि तो आत गेला. बटाट्यात जावा तसा. काळ्या रंगाच्या खाली नुसत्या गंजाच्या पापड्या. मग जुन्या स्पीकरचं मॅग्नेट आणून केबिनवर फिरवलं, दाराच्या वरच्या अर्ध्या भागाला खटकन चिकटायचं आणि खाली आणलं की घसरून पडायचं. खाली पत्राच नव्हता, लांबी (पुट्टी) भरून घासून वर रंग मारलेला. पायदान, दोन्ही दारांचे तळ, बॅटरीचा ट्रे, फ्लोअर, सगळं तसंच. ते मॅग्नेट वीस रुपयाचं असेल नसेल, मी रत्नागिरीला खिशात घालून गेलो असतो तर निदान साठ हजार वाचले असते.

आता बॉडीवाला. नाव घेणार नाही, आमच्याच बाजूचा आहे, समोरासमोर येतो. पस्तीस हजार आणि एक महिना म्हणाला होता. झाले अठ्ठ्याण्णव हजार आणि पाच महिने. थोडी चूक माझीपण आहे, सडका पत्रा कापायला लागलं की चांगला कुठं चालू होतो ते कापेपर्यंत कळत नाही, त्यामुळं आधी सांगितलेल्या आकड्याला काही अर्थ नसतो हे मला आता पटलंय. चॅसीला दोन्ही बाजूला पट्ट्या मारून घेतल्या, हौदा दुरुस्त होईना म्हणून पूर्ण नवीन बांधला, चेकर प्लेट टाकून, फाळक्यासकट. इथपर्यंत ठीक. पण माझी गाडी बाहेर पावसात उभी करून आत लग्नाच्या सीझनचं दुसऱ्यांचं काम करायचं, फोन उचलायचा नाही, आणि दर आठ-पंधरा दिवसांनी 'पत्रा आणायचाय, दहा पाठवा', हे काय बरोबर नाही. नवीन वेल्डिंगवर प्रायमर न मारता जून महिना तशीच ठेवली, मी गेलो तेव्हा नवीन पत्र्यावर केशरी डाग. परत घासायला लावलं, त्याचे पैसे पण त्याने लावले! वेल्डिंग मात्र चांगलं करतो, हे कबूल करतो. पाचपैकी दोन.

रंग दुसरीकडं, २८,०००, पांढराच ठेवला, नवीन हौद्याला निळी पट्टी. मागचे पाटे काढून एकेक नवीन पान घातलं, ब्रेकचं सगळं काम, धरून १९,०००. वायरिंग, सेल्फ, बॅटरी १७,२००. चार टायर २६,०००. रिमोल्ड (जुन्या टायरवर नवीन रबर चढवलेले) घे म्हणणारे बरेच भेटले, नाही घेतले, वीस-बावीस कॅरेटचे थर लावून उतारावर मला तो जुगार नको.

आणि मग कागद. हा भाग कोणी सांगत नाही, म्हणून नीट लिहितो. गाडी एमएच ०८ ची (रत्नागिरी), मला आणायची एमएच १० ला (सांगली). आरसीवर एका पतसंस्थेचा बोजा होता. विकणारा म्हणे कर्ज कधीच फिटलंय, आणि खरंच फिटलेलं होतं, पण बोजा कुणी उतरवलाच नव्हता आणि पतसंस्था मधल्या काळात अवसायनात गेली, म्हणजे गुंडाळायला काढली. मग अवसायक कोण, बसतो कुठं, जुनी खाती कुठल्या कपाटात, ह्यात दोन महिने आणि रत्नागिरीच्या तीन चकरा. पैसे द्यायच्या आधी आरसीवर एचपी (कर्जाचा बोजा) लिहिलंय का बघा, असेल तर बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि फायनान्सवाल्याचं पत्र हातात पडल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.

त्यापुढं ट्रान्सफर, थकलेला टॅक्स, आठ वर्षांवरच्या माल गाडीला लागतो तो पर्यावरण कर, आणि पासिंग (फिटनेस तपासणी). १५ वर्षांवरच्या गाडीची पासिंगची फी २०२२ च्या एप्रिलपासून केवढ्याला गेलीय ते एकदा बघून घ्या, आणि माल गाडीला आठ वर्षांनंतर ते दरवर्षी आहे, उशीर झाला की वर दंड. माझी मधली दीड वर्षं बिनपासिंगची उभी होती, तो दंड माझ्याच डोक्यावर बसला. थर्ड पार्टी इन्शुरन्स साडेसात टनाच्या आतल्या माल गाडीला तेव्हा १६,०४९ आणि वर जीएसटी, गाडी एक लाखाची असो नाहीतर दहा लाखाची. एचएसआरपी नंबर प्लेट, रेडियम पट्ट्या, पीयूसी, एजंट, सगळं मिळून ४८,०००. इंजिनच्या खालोखाल कागद, लक्षात घ्या.

बेरीज केली तर ४,४१,००० होते. बायकोला तीन नव्वद सांगितलंय. (ती हे वाचत नाही.)

गाडीबद्दल विचाराल तर इंजिन एक नंबर झालंय. भरलेल्या गाडीला दहा-अकराचं ॲव्हरेज, चढाला तिसऱ्यात गुरगुरत जाते पण थांबत नाही, काटा मध्यावर. स्टेअरिंग पॉवरचं नाही, त्यामुळं मार्केट यार्डात मागं घेताना खांदे निघतात, नवीन पिकअप चालवलेल्या पोराच्या हातात दिली तर पाच मिनिटांत उतरला. आवाज भरपूर, केबिन तापते, फोन आला तर थांबूनच बोलावं लागतं. ह्या सीझनला भाड्याचे पन्नास-पंचावन्न हजार वाचले असं आप्पांनी वहीत मांडलंय, त्या हिशोबाने आठ वर्षं, आणि त्यात डिझेल धरलेलंच नाही. गावातल्या एकाने दोन पंच्याहत्तरला मागितली, म्हणजे विकायची म्हटलं तर तिथंच एक सहासष्ट गेले.

तरी कुणाला घ्यायचीच असेल तर घाटावरची घ्या, कोरड्या भागातली, आटपाडी-जत-सांगोल्याकडची. इंजिन मेलेलं असलं तरी चालेल, उलट बरं, भाव पडतो आणि त्याचा खर्च आधी कळतो. पत्रा आणि चॅसी मात्र अस्सल पाहिजे, लांबी भरलेली नको. दिल्लीकडनं दहा वर्षं झालेल्या डिझेल गाड्या एनओसीवर (ना हरकत दाखल्यावर) स्वस्तात येतात, त्याच्या मागं एक मित्र लागलाय, त्याला हेच सांगितलं की बाबा भाव नंतर, आधी आरसी आणि मॅग्नेट.

मासळीचा वास अजून पूर्ण गेलेला नाही. हौदा नवीन, फ्लोअर नवीन, सीट नवीन, तरी पहिला पाऊस पडला की केबिनमध्ये कुठून तरी बांगडा येतो. डाव्या दाराची काच खाली घ्यायला पकड लागते, ती डॅशबोर्डवर असते, बॉडीवाला म्हणालाय सोमवारी या.