मूलपेशीदान विभाग: दात्याच्या खुर्चीतून एक अभिप्राय

धाकट्या भावाच्या ल्युकेमियावर, म्हणजे रक्ताच्या कर्करोगावर, मूलपेशींचे प्रत्यारोपण करायचे ठरले आणि एचएलए तपासणीत, म्हणजे ऊतींच्या जुळणीच्या तपासणीत, माझ्या पेशी त्याच्याशी पूर्ण जुळल्या. सख्ख्या भावंडांत अशी जुळणी होण्याची शक्यता चारांत एक असते, म्हणून आईने तो अहवाल मला दोनदा वाचायला लावला. ज्या रुग्णालयाच्या विभागात मी पेशी दिल्या त्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे एक तक्रार आहे.

पेशी गोळा करण्याच्या कामाला मी पूर्ण गुण देईन. अस्थिमज्जेतल्या (हाडांतल्या मगजातल्या) मूलपेशी रक्तात उतरवणाऱ्या जी-सीएसएफ या औषधाची इंजेक्शने चार दिवस घेतल्यावर कंबर आणि बरगड्या ठणकू लागल्या. तसे होणार हे आधी सांगितले होते आणि साध्या पॅरासिटामॉलने भागले. पाचव्या दिवशी दोन्ही हातांत सुया घालून मला यंत्राला जोडले. एका हातातून रक्त यंत्रात जाते, तिथे फिरवून मूलपेशींचा थर वेगळा काढला जातो आणि उरलेले रक्त दुसऱ्या हातातून परत येते. सुमारे पाच तास कोपर वाकवता येत नाही, त्यामुळे नाक खाजले की परिचारिकेला सांगावे लागते, आणि त्या न कंटाळता खाजवून देतात. ओठांना मुंग्या येताच त्यांनी कॅल्शियम दिले. रक्त गोठू नये म्हणून वापरलेल्या सायट्रेटमुळे ते कमी होते, हेही समजावले. शेवटी पिशवीत जमलेला विटकरी लाल द्रव इतका थोडा होता की मला शंका आली, पण मोजणीत पेशी पुरेशा निघाल्या.

प्रतीक्षाकक्षात अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचे प्रवर्तक डॉ. डॉनल थॉमस यांच्या संशोधनावरचा एक तक्ता लावला आहे. त्यावर १९५७ सालचा पहिला शोधनिबंध आहे, १९९० चे नोबेल पारितोषिक आहे आणि मधली तेहेतीस वर्षे जवळजवळ कोरी आहेत. खरे तर त्या शास्त्रज्ञाचे आयुष्य त्या कोऱ्या जागेतच गेले. पहिल्या सहा रुग्णांपैकी एकही शंभर दिवसांपुढे जगला नाही. त्यानंतर थॉमस यांनी माणसांवरचे परक्या अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण बाजूला ठेवून कित्येक वर्षे कुत्र्यांवर प्रयोग केले, ऊतींची जुळणी आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या मेथोट्रेक्सेट या औषधाचा उपयोग तपासला आणि १९६९ च्या सुमारास सिॲटलमध्ये जुळणाऱ्या भावंडांच्या अस्थिमज्जेने पुन्हा सुरुवात केली. १९७७ मध्ये त्यांच्या गटाने ज्या शंभर रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली, त्यांचा तीव्र ल्युकेमिया औषधांना दाद देईनासा झाला होता. त्यांपैकी तेरा जण रोगमुक्त स्थितीत जगले होते. तेव्हाचा दाता भूल घेऊन पालथा झोपे आणि त्याच्या कमरेच्या हाडात पुनःपुन्हा सुई खुपसावी लागे. मी मात्र खुर्चीत बसून सिनेमा पाहिला.

माझी तक्रार त्या तक्त्यासारखीच आहे: विभाग आरंभ आणि शेवट सांगतो, मधले सांगत नाही. संमतिपत्र भरताना मला माझ्या जोखमींची खडान्‌खडा माहिती दिली, पण माझ्या पेशी भावाच्या शरीरात गेल्यावर काय करू शकतील याबद्दल कोणी बोलले नाही. चोविसाव्या दिवशी त्याच्या तळहातांवर लाल पुरळ उठले, मग जुलाब सुरू झाले. दात्याच्या पेशी रुग्णाच्या अवयवांवर हल्ला करतात, हे मला रात्री मार्गिकेत एका शिकाऊ डॉक्टरांकडून कळले. पुढचे आठ दिवस, भावाला स्टेरॉइड चालू असताना, मी स्वतःला अपराधी समजत होतो. हाच हल्ला उरल्यासुरल्या ल्युकेमियाच्या पेशींनाही मारतो आणि ज्यांना हा त्रास झाला त्यांच्यात रोग उलटण्याचे प्रमाण कमी दिसले, असे सिॲटलच्याच गटाने १९७९ मध्ये दाखवले होते. एवढे एक वाक्य कुणी आधी सांगितले असते, तर माझे ते आठ दिवस बरे गेले असते. विभागप्रमुखांना मी हे लेखी कळवले. त्यांनी चूक मान्य केली आणि दात्यांच्या समुपदेशनात हा विषय घेऊ असे उत्तर पाठवले. तक्ता अजून तसाच आहे.

इथे दाता म्हणून जाणाऱ्यांनी पेशी देण्याविषयी निर्धास्त असावे आणि समुपदेशनाच्या वेळी पहिल्या शंभर दिवसांविषयी स्वतःहून विचारावे. टीव्हीचा रिमोट मात्र सोबतच्या माणसाकडे द्यावा. तो खुर्चीच्या हातावर ठेवतात, आणि आपले दोन्ही हात अडकलेले असतात.