ऑफशोअरची मेस: डायनिंग हॉलला चार स्टार, पॅक लंचला दोन

अरबी समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्राच्या एका प्रोसेस प्लॅटफॉर्मवरची मेस, कॉन्ट्रॅक्टरचं नाव घेत नाही. किनाऱ्यापासून 160 किलोमीटर आत ताटात गरम चपाती पडते, यातच त्यांनी निम्मे मार्क मिळवले. रविवारची बिर्याणी मस्त, नाइट शिफ्टवाल्यांना मध्यरात्रीचं जेवण पण गरम मिळतं, शिळं गरम करून नाही. भरीत मात्र मागू नका, शेजारी सेपरेटरमध्ये तेल-गॅस वेगळं होत असतं म्हणून किचनमध्ये उघडा जाळ चालत नाही, सगळं हॉटप्लेट आणि ओव्हनवर. बाहेर फ्लेअरला (जादा गॅस जाळतात तिथे) एवढा जाळ आणि आत वांगं भाजायला ठिणगी नाही 😄

पावसाळ्यात भाजी संपते तो दोष मी मेसला देत नाही. आपलं तेल पाइपलाइनने उरणला जातं आणि कोथिंबीर उरणजवळच्याच न्हाव्याहून बोटीने येते. खाली पाणी साधारण 75 मीटरच, म्हणजे तसं उथळच, पण जुलैत बोट अशी हलते की क्रेनवाला माल उचलायचं नाव घेत नाही, मग बटाटा, सोयाबीन, परत बटाटा. कॅम्प बॉस (मेस सांभाळणारा) तेवढ्यात पण चव ठेवतो, मान्य.

राग आहे तो पॅक लंचवर. वेलहेड प्लॅटफॉर्मवर, म्हणजे नुसत्या विहिरींच्या छोट्या प्लॅटफॉर्मवर, माणसं राहत नाहीत, आपणच सकाळी चॉपरने जायचं आणि संध्याकाळी परत. फील्ड 1976 पासून चालू, विहिरींत पहिल्यासारखा जोर कुठून राहणार, कुठे गॅस लिफ्ट (तेल वर यावं म्हणून विहिरीत गॅस सोडणं) बघा, कुठे वॉटर इंजेक्शनचं (जोर टिकवायला खाली पाणी दाबणं) प्रेशर बघा, त्यामुळे फेरी चुकत नाही, आणि तिकडे किचन नाही, जे डब्यात असेल तेच जेवण. आणि डब्यात काय, तर अंडा करी! पातळ! झाकण सैल, रस्सा सगळा भातात, वर पहाटे गरम गरमच झाकण लावलेलं म्हणून दुपारी उघडलं की वास. हवा बिघडून चॉपर लांबला तर रात्रीपण तोच डबा पुरवायचा, हे पॅक करणाऱ्याला कुणी सांगितलंय का? थेपले, सुकी बटाट्याची भाजी, लिंबाचं लोणचं द्या ना, कुठे जास्त खर्च आहे. सांगितल्यावर थोडे दिवस थेपले आले, पुढच्या हिचला (ड्यूटीच्या पाळीला) परत रस्सा.

नवीन जॉइन होणाऱ्यांनी घरून शेंगदाण्याची चटणी न्या, फक्त जुहूला चॉपरमध्ये बसायच्या आधी बॅगेचं वजन करतात, बरणी काचेची नको.