आधी ‘धग’ घ्यावी की ‘ब्राह्मणकन्या’?

अमरावतीकडच्या खेड्यांत जुनी मराठी कादंबरी वाचू म्हणणाऱ्याला आम्ही आधी ‘धग’ देतो. उद्धव शेळक्यांची ही १९६० सालची कादंबरी. तिची नायिका कौतिक वऱ्हाडीत बोलते. तिची गरिबी, नवऱ्याचा आजार, लेकरांसाठीची ओढाताण, यातलं काहीच इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. वाचायची सवय नसेल तर हीच घ्या, दुसरा विचार नको.

सवय असेल, तर मी श्री. व्यं. केतकरांची ‘ब्राह्मणकन्या’ (१९३०) सुचवेन. माणूस अमरावतीच्या शाळेत शिकलेला, पण भाषेत वऱ्हाडचा ओलावा शोधू नका. वाक्यं खडबडीत आहेत. प्रसंग रंगात येतो न येतो तोच पात्रं समाजशास्त्रावर वाद घालू लागतात. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड उभे करणारा केतकरांचा हात इथंही नोंदी लिहीत राहतो. लोक पुस्तक अर्ध्यात परत करतात ते यामुळेच.

तरीही ही कादंबरी मला मोठी वाटते. कालिंदीचे वडील ब्राह्मण, पण आईकडच्या कुळामुळे ब्राह्मण घरात तिला कोणी करून घेत नाही. लग्नावाचून ती एका लिंगायत व्यापाऱ्याजवळ राहते, तिला मूल होतं. अशा बाईला जीव द्यायला न लावता, पश्चात्तापात न जाळता केतकर तिला पुढचं आयुष्य देतात. त्याच पुस्तकात वैजनाथ शास्त्री नवी स्मृती, म्हणजे नवं धर्मशास्त्र, रचायला निघतो. जात आणि मनुस्मृती हा केतकरांच्या अभ्यासाचाच विषय होता. जर्मन ज्यू पत्नीशी लग्न करताना त्यांनी तिला व्रात्यस्तोम या शुद्धीच्या विधीनं हिंदू करून घेतलं होतं. हा प्रश्न त्यांच्या घरातला होता. आजही गावात आंतरजातीय लग्न झालं की पारावर पहिली चर्चा निघते ती लेकराला दाखला कोणत्या जातीचा मिळेल याची. त्या चर्चेत केतकर अगदी आपले वाटतात.

वाचताना योगायोगांकडे काणाडोळा करा, वादाची पानं मात्र सोडू नका. दोघांनी मिळून मोठ्यानं वाचली तर ती पटकन उलगडतात. शीर्षकातल्या गोंडवनाला भुलून केतकरांच्याच ‘गोंडवनातील प्रियंवदा’ या कादंबरीपासून सुरुवात करू नका. दुर्गा भागवतांचं ‘केतकरी कादंबरी’ हे समीक्षेचं पुस्तक नंतर वाचा, आधी नको. त्यांचं मत डोक्यात बसलं की स्वतःचं बनायला वेळ लागतो.